आधी आत्याला मार!

बाबांची लेव्हल मी एका दुपारात पार करणार होते. त्यात अवघड काय? घर आमचंच!

बाबा ड्राफ्ट्समन. आयुष्यभर लोकांच्या इमारतींचे नकाशे काढले आणि निवृत्तीनंतर एका जुन्या बंदूकबाजीच्या गेममध्ये आमचंच घर बांधलं. भिंती, खिडक्या, फ्रिजची जागा, सगळं मापात. फक्त माणसांऐवजी राक्षस. दादाने त्यांना त्याच गेमची नवी, चकचकीत आवृत्ती आणून दिली होती. बाबांनी ती जरा खेळून बाजूला ठेवली.

"बंदूक दिसायला छान आहे रे, पण उडाल्यासारखी वाटत नाही. आणि वाट दाखवायला बाण कशाला? पाहुण्याला हात धरून बाथरूमपर्यंत नेतो का आपण?"

बाबा गेले आणि त्यांचा कॉम्प्युटरही रडतखडत चालायला लागला. त्यातलं काही दुसरीकडे कॉपी करायला गेलं की अडकायचा. दादा म्हणाला, "हा एकदा बंद पडला, की पुन्हा सुरू होईलच असं नाही. काय बघायचं ते बघून घे." बाबांची लेव्हल त्यातच होती आणि तिच्यातून बाहेर पडायचं दार आमच्यापैकी कुणालाच सापडलं नव्हतं.

म्हणून मी बसले. शेजारी आई.

"अगं, स्वयंपाकघरात गोळ्या नको! फरशा फुटतील!"

"आई, हे खरं स्वयंपाकघर नाही."

"माहितीये. तरीपण."

हॉलमध्ये शिरले, तर सोफ्याच्या कोपऱ्यातून एक हिरवं, रुंद, शिंगांचं धूड उठलं. आई पुढे झुकली.

"ही तर आत्याची जागा!"

खरंच होती. आत्या आली की त्याच कोपऱ्यात बसते आणि आमच्या घराचं काय काय चुकतंय ते तिथूनच सांगते. त्या धुडाने मला बघता बघता आडवं केलं. पुन्हा सुरू, पुन्हा आडवी! इतके दिवस धड न बोललेली माझी आई खुर्चीतून अर्धी उठली.

"आधी आत्याला मार! बाकीचे मग बघू!"

"मरत नाहीये गं! केवढा जीव आहे तिच्यात!"

"डावीकडून जा! तिकडून तिला दिसत नाही! आणि बंदुकीने होत नसेल तर करवत घे!"

इथे एक सांगायला हवं. आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायला होती. आतल्या खोलीत पडली होती, पण झोपली नव्हती. आणि तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

धडाम! जुन्या गेममधल्या त्या दोन नळ्यांच्या बंदुकीचा आवाजच असा, की आपल्याच खांद्याला धक्का बसावा.

"मेली!" आई ओरडली. मी गेम सेव्ह केला आणि आईला टाळी दिली.

तेवढ्यात वीज गेली. गेली कसली, घालवली! दारात शेजारचे निवृत्त फौजदार काका, हातात बॅडमिंटनची रॅकेट. त्यांच्यामागे आत्या, छातीशी उशी.

"हलायचं नाही! मेन स्विच मी बंद केलाय!"

"काय केलंत हो!" मी अशी किंचाळले, की फौजदारच दोन पावलं मागे सरले.

आईने सगळं समजावून सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या भावाने मला राक्षस केलं?"

काका घाईघाईने मेन स्विच लावायला गेले.

मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आईने माझा खांदा धरला, आत्याने आईचा. मग डबा घरघरला, खोकला, अगदी बाबा सकाळी खोकायचे तसा, आणि पडदा उजळला.

"आता बाहेरचं दार कुठेय, तेच कळत नाही," मी म्हणाले.

आत्या चष्मा सावरत जवळ आली. "माझ्या मागे बघ."

"म्हणजे?"

"लहानपणी काही फोडलं, की माझ्या मागे लपायचा तो. मी पहिल्यापासून रुंदच. बघ तू."

सोफ्यामागची भिंत मी दाबून पाहिली. भिंत सरकली! आत एक खोली, आमच्या घरात नसलेली. राक्षस एकही नाही. नुसत्या औषधांच्या पेट्या, जमिनीपासून छतापर्यंत.

"एवढी औषधं कशाला?" काकांनी विचारलं.

"लेव्हल बांधणारा मायाळू असला, की मोठ्या संकटाआधी भरपूर औषधं ठेवतो," मी म्हणाले. "बाबा सांगायचे. एवढी दिसली, की समजायचं, पुढे काहीतरी भयंकर आहे."

"ते येऊन गेलं," आई म्हणाली.

पेट्यांच्या पलीकडे बाहेरचं दार दिसत होतं. मी पुढे निघाले, तर आत्याने नाक पुसून माझा हात धरला.

"थांब. पहिल्यापासून लाव. त्याने मला कसं दाखवलंय, ते नीट बघू दे. आणि हे बघ, पुन्हा मला मारलंस तर याद राख!"

तेव्हापासून आम्ही रोज खेळतो. कॉम्प्युटर बंद करत नाही. दार कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक आहे, पण लेव्हल काही पार होत नाही. आत्या सोफ्यावरून हलेल तर ना! पडद्यावरचीही, आणि आमच्या हॉलमधलीही!