झग्यात कोण?

बहारीनच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात अर्धा तास नाटकासाठी राखून ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि जबाबदारी पूर्णिमावर आली. ती तिथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या नाटकांनी विद्यापीठांची उडवलेली टिंगल, हाच तिच्या पीएचडीचा विषय. साहजिकच तिने त्या काळच्या केंब्रिजवर प्रहसन लिहिलं. त्यात परीक्षा न देता पदवी मिळवणारा सरदारपुत्र होता, नोकरांवर लॅटिन झाडणारा पंडित होता आणि श्रीमंतांच्या ताटातलं उरलंसुरलं खाऊन शिकणारा गरीब विद्यार्थीही होता. तिन्ही भूमिका प्रवीणकडे. हा चिपळूणचा ड्रायव्हर, राहायला सनाबिसला. शिफ्ट संपली की मंडळाच्या अदलियातल्या हॉलवर तालमीला हजर.

वाचनाला अध्यक्ष हेमचंद्र स्वतः बसले. त्यांना नुकतीच ऑनलाइन डॉक्टरेट मिळाली होती.

"हा सरदारपुत्र कोण?"

"कुणी नाही, सर. चारशे वर्षांपूर्वीचा आहे."

"तरी कुणाच्या भावना दुखावू शकतात. माझ्या नव्हे."

सरदारपुत्र गेला. उपाध्यक्षा सुरेखाताई मॉलमध्ये मराठी माणूस दिसला की इंग्रजीत शिरत. त्यांना लॅटिन 'अनावश्यक' वाटलं. पंडित गेला. भोजनप्रमुख संदेशला उरल्यासुरल्या अन्नात गणपतीच्या महाप्रसादावरची टीका दिसली. ते अन्न काढलं, तेव्हा विद्यार्थी उपाशी राहिला. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी उपाशी दिसणं बरं नव्हे, म्हणून तोही गेला.

"मॅडम, म्हणजे माझं सगळंच खलास?" प्रवीणने विचारलं.

"झगा आहे. पदवीदानाचा."

"तो घालून नुसता बसू?"

"नुसतं बसणं," हेमचंद्र म्हणाले, "काही पदाधिकाऱ्यांना लागू शकतं."

पूर्णिमाला आधी रडू आलं, मग हसू.

कार्यक्रमात पडदा उघडला. खुर्चीवर झगा, झग्यात कुणी नाही. मग कुणीतरी खुसकन हसलं आणि पाहता पाहता सगळे पोट धरून हसू लागले. हेमचंद्रांनी सुरेखाताईंच्या कानात संदेशचं नाव घेतलं. संदेशने बायकोला अध्यक्ष दाखवले. विंगेतून प्रवीण पुटपुटला, "मॅडम, मी असतो तर एवढे हसले नसते."

दुसऱ्या दिवशी पूर्णिमाचा फोन थांबेना. झग्यात नेमकं कोण होतं, हे प्रत्येकाला खासगीत हवं होतं.

"तुम्ही सोडून बाकी सगळे," ती प्रत्येकाला सांगे, आणि प्रत्येकाला ते तत्काळ पटे.

तुम्हीही विचारून पाहा. तुम्हालाही पटेल.