कऱ्हाडचं स्थळ

लडाखातल्या मार्मोटांना मराठी येतं, आणि त्यात नवल करण्यासारखं काही नाही. उन्हाळाभर तिथं आपलीच माणसं असतात. बिळाच्या तोंडाशी उभं राहून सकाळ-संध्याकाळ मराठी ऐकलं, तर कुणालाही येईल.

मला हे तिथं गेल्यावर कळलं. गेले होते मी माझ्या मुलासाठी. सलील वन्यप्राण्यांचे फोटो काढतो. वय चौतीस, लग्न नाही, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत मार्मोटांचे फोटोच फोटो. पण सगळे पाठमोरे. मार्मोट म्हणजे मांजराएवढी गुबगुबीत डोंगरी खार; कॅमेरा दिसला की शिट्टी मारतो आणि बिळात शिरतो, त्यामुळे सलीलच्या हाती दरवेळी शेपटी लागते. आल्यागेल्याला मी काय सांगायचं? हा मार्मोट आहे, पुढून बरा दिसतो?

यंदा मी सरळ सांगून टाकलं. मीही येते. तोंड दिसेल असा एक फोटो मिळाला तर तुझं तू बघ. नाही मिळाला तर कॅमेरा कपाटात, आणि दिवाळीपासून मामाच्या रंगाच्या दुकानात बसायचं. सलील "बरं" म्हणाला. तो कधी भांडत नाही, हाच त्याचा मोठा दोष.

कुरण मात्र सुरेख होतं हो! हिरवंगार गवत, त्यात पिवळी फुलं, मागं बर्फाचे डोंगर. दम लागत होता, तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. सलील लांब पोटावर झोपून राहिला. "आई, हलायचं नाही, बोलायचं नाही, खायला द्यायचं नाही," असं तीनदा बजावून गेला. मी एका बिळाजवळच्या दगडावर बसले आणि पिशवीतले शंकरपाळे गुपचूप स्वतःच खाल्ले.

"कशाला आलात?" बिळातून आवाज आला.

मी म्हटलं, "स्थळं बघायला."

आत जरा कुजबुज झाली.

"बघून गेल्यावर कळवणार का? पुष्कळजण येतात, स्थळं बघायला आलो म्हणतात, बघतात आणि निघून जातात. होय नाही की नाही नाही. म्हणून आम्ही दाखवायचंच बंद केलं."

मला ते पटलं. परक्यांच्या गावी जायचं, सगळं बघायचं आणि कसं वाटलं ते साधं सांगायचंही नाही, ही कुठली रीत? मी ठसक्यात म्हटलं, "आम्ही कऱ्हाडचे. बघितलं की कळवतो."

तशी बिळातून एक भरदार मार्मोटबाई बाहेर आली. सोनेरी अंग, काळसर तोंड, आणि पुढचे दात चांगले नारिंगी. मागच्या पायांवर उभी राहून तिनं मला नमस्कार केला.

"मी केवढीगं," ती म्हणाली. "आमच्यात पिल्लू पहिल्यांदा बाहेर आलं की जे कानावर पडेल ते नाव ठेवतात. ही माझी धाकटी, अगंबाई."

अगंबाई खाली मान घालून आली आणि सपाट दगडावर बसली. मागोमाग चुलते, आत्या, भावंडं अशी रांग लागली. एकानं माझ्यापुढं पिवळी फुलं आणि पाला आणून ठेवला. पाहुण्यांनी काही घेतल्याशिवाय बोलायचं नाही, अशी त्यांची पद्धत. मी खाल्लं. मेथीसारखं लागलं, जरा जास्त कडू.

"मुलगा तोच का, झोपलाय तो?" केवढीगंनं विचारलं.

"हो, तोच सलील."

"झोपतो, हे चांगलं आहे. बीळ स्वतःचं?"

"टू बीएचके. कर्ज फिटलंय."

"तोंडं किती?"

"एक दार, एक गॅलरी."

"दोनच? आणि कोल्हा आला तर?"

"खाली वॉचमन असतो."

"शिट्टी मारतो?"

"रात्रभर."

सगळ्या आत्यांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला म्हणायची होती ठिकाणं, आणि हे घेऊन बसले होते सोयरीक! तिकडं सलील गवतातून उठून बसला होता. वीस-पंचवीस मार्मोट ओळीनं उभे, सगळ्यांची तोंडं समोर, ऊन तोंडावर. आणि या मुलाचा कॅमेरा मांडीवर.

मी डोळ्यांनी खुणावलं, काढ की रे! तो जवळ आला आणि कानात पुटपुटला, "आई, त्यांचा गैरसमज झालाय. फसवून फोटो नाही काढायचा मला. आधी खरं सांग."

"मग दुकानात बसशील?"

"बसेन."

काय बोलावं या मुलाला? तेवढ्यात केवढीगंनं विचारलं, "मुलगा करतो काय?"

"फोटो काढतो."

"ते झालं आवडीचं. करतो काय?"

शब्दन् शब्द माझाच होता. दहा वर्षं मी हेच विचारत आले. पण ती ते म्हणाली मात्र, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"करतो काय म्हणजे? फोटो काढतो! थंडीवाऱ्यात पोटावर पडून राहतो, तहानभूक विसरतो. समोरचा घाबरेल म्हणून श्वास धरून ठेवतो. आत्ता एवढे सगळे समोर आहात, तरी तुम्हाला विचारल्याशिवाय यानं बोट हलवलं नाही. याला काम म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात हो तुमच्यात?"

सलील माझ्याकडं बघत राहिला. इतकं छान तो माझ्याकडं लहानपणी बघायचा, शाळेच्या फाटकातून बाहेर येताना.

मी सूर खाली आणला. "आणि आणखी एक सांगते, केवढीगंबाई. चूक माझी झाली. आमच्यात स्थळ म्हणजे डोंगर, तळी, देवळंसुद्धा. मी ती बघायला आले होते. पण बघितलंय तर शब्दाप्रमाणे कळवते. मुलगी लाखात एक आहे. फक्त..."

"थांबा," केवढीगं म्हणाली. "आमचंही एक विचारायचं राहिलंय. थंडीत किती झोपतो?"

"रात्री सहा-सात तास."

"रात्री नव्हे. थंडीत."

"सबंध थंडी? छे हो, तो थंडीत जागाच असतो. पहाटे उठून पाणवठ्यावर जातो."

सगळ्या घराण्याचे चेहरे पडले. ते बिळापाशी गेले, डोकी जवळ आणून बोलले, आणि केवढीगं परत आली.

"मुलगा गुणाचा आहे. आईही. पण आम्ही दिवाळीच्या आगेमागे झोपतो ते मे उजाडल्यावर उठतो, सगळे एकमेकांना चिकटून. जावई मध्येच उठून गेला तर बीळ गार पडेल. जुळत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. माझ्या मुलाला नकार, तोही मार्मोटांकडून! पण त्यांनी तो तोंडावर आणि लगेच दिला, हे मला आवडलं. आपल्याकडं दोन-दोन महिने फोन उचलत नाहीत.

सलीलनं हात जोडले आणि कॅमेऱ्याची पिशवी बंद करायला घेतली. तेव्हा अगंबाई पहिल्यांदा बोलली.

"आता आलेच आहेत तर माझा एक काढतील का? पलीकडच्या कुरणात दाखवायला. चांगला समोरून."

अगं बाई, असं मी म्हणाले, आणि ती लाजली.

मग काय विचारता! दुपारभर फोटो चालले. अगंबाई बसून, अगंबाई उभी, अगंबाई फुलासह. चुलत्यांनी आपापल्या पोरी आणल्या, पलीकडच्या बिळातल्या दोन आजीबाईही सहज म्हणून आल्या. सलील हसत होता, सारखा हसत होता. मी त्यांच्या मिशा नीट करून देत होते.

बैठकीच्या खोलीत आता अगंबाई आहे, समोरून. रंगाच्या दुकानाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

जानेवारीत विट्याहून फोन आला. मुलगी ऋजुता, कॉलेजात शिकवते. तिच्या आईनं विचारलं, "मुलगा करतो काय?"

"फोटो काढतो," मी म्हटलं आणि तिथंच थांबले. मग वाटलं, लपवाछपवी नको. "एक आधीच सांगते. याला एका ठिकाणाहून नकार आलाय. लडाखकडची मंडळी. थंडीत झोपत नाही म्हणून."

मला वाटलं, गेलं हेही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आमचीही नाही झोपत. पहाटे उठते आणि तळ्यावर पक्षी बघत बसते. आम्ही कुणाला सांगत नव्हतो."

गुरुजींनी एप्रिलचे दोन-तीन चांगले मुहूर्त काढले होते. मी जूनचा धरला. एप्रिलमध्ये आमच्याकडची काही मंडळी उठलेली नसतात.