विरजणाचा जबाब

“सुंदऱ्या, खाली उतर बे! माळवदावर बसून कुणाचं रान निंदून झालंय का?”

हा आवाज सुंदरराव पाटलांच्या थोरल्या चुलत्यांचा. सुंदरराव तेव्हा आठ-दहा वर्षांचे असतील. पुढे चुलते गेले, आवाज गेला. माळवद राहिलं आणि माळवदावर सुंदरराव राहिले. कारण या जगात एक गोष्ट वादातीत आहे. कौतुक करायचं ते उंचावरून आणि लांबून करावं. जवळ जाऊन केलं की समोरचा माणूस म्हणतो, “आलात तसे जरा हे दुसरं टोक धरा.”

निजाम सरकारच्या अमलात, तलवाड्याच्या अलीकडल्या एका लहान गावात, पाटलांच्या परसाच्या काटेरी कुंपणाला लागून असलेल्या माळावर एक गोरं जोडपं येऊन राहिलं, आणि सुंदररावांना आयुष्यभर पुरेल एवढं कौतुक एकदम मिळालं. योहानसाहेब आणि मार्था मड्डम. अमेरिकेतले. ख्रिस्तातला पंथ मेनोनाइट, गावाने उच्चाराची सोय बघून ‘मेनोनी’ केला. दोघांनी मिळून दगडमातीचं घर रचलं. साहेब स्वतः नांगर धरी, स्वतः मोट हाकी. मड्डम सूत काती, साबण करी, मेणबत्त्या ओती, दूध काढी. बाजाराला जाणं नाही, घासलेटचा दिवा नाही, कचेरीत खेटे नाहीत.

सुंदरराव हे सगळं माळवदावरून पान चघळत बघत. “काय माणसं हायेत!” ते म्हणत. “कुनावाचून म्हनून अडत न्हाई त्यांचं.”

खरं तर नांगर गावातही सगळे स्वतःच धरत, दूध गावातल्या बायाही स्वतःच काढत, आणि घासलेट गावात अजून आलेलंच नव्हतं. पण न आलेलं घासलेट न जाळणं आणि येऊ शकणारं घासलेट न जाळणं यात मोठा फरक आहे. पहिल्याला गरिबी म्हणतात, दुसऱ्याला तत्त्व.

हे कौतुक असंच शांतपणे चालत राहिलं असतं. पण वरच्या कचेरीतून हुकूम सुटला. तालुक्यातून असा एक लायक इसम निवडावा की ज्याचे कोणावाचून अडत नाही. अशा इसमास दरबारात बसण्यास कुर्सी दिली जाईल. (बाकीचे इसम सालाबादप्रमाणे सतरंजीवर.)

कुर्सी हा शब्द ऐकताच सुंदररावांचं तोंड उतरलं. चौसाळ्याच्या आप्पारावांना, म्हणजे त्यांच्या मावसभावाला, गेल्या साली अशीच एक कुर्सी मिळाली होती. कशाबद्दल, हे आप्पारावांनाही ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून ते लग्नाच्या पंगतीतही पाटावर बसताना कण्हत. सुंदररावांनी त्याच दिवशी दरखास्त टाकली. तहसीलदारसाहेबांचा जबाब आला: सालभर कोणाचे काही न घेता घर चालवून दाखवा, नंतर मौक्यावर येऊन मुलाहिजा, म्हणजे पाहणी, करू.

सुंदररावांनी योहानसाहेबांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून घराला कायदा लावला.

कलम पहिले. बाजारातून काही आणू नये. (मीठ वगळून. मीठ ही वस्तू नसून चव आहे असे समजावे. तंबाखू हे औषध.)

कलम दुसरे. शेजारी काही मागू नये. विस्तव, सूप, चाळण, उसनं पीठ, सल्ला, सगळं बंद.

कलम तिसरे. हरिबा गडी हा घरातलाच मानावा. (साल भरल्यावर धान्य मागायला येईल तेव्हा बाहेरचा.)

योजना सुंदररावांची, अंमल बायनाबाईंचा. बायनाबाई म्हणजे पाटलीणबाई. दळण, कांडण, पाणी, शेण, धार हे त्या कायद्याच्या आधीही करत होत्या; कायदा लागल्यापासून ते स्वावलंबन झालं. कामाला मान मिळाला. काम करणारीला एक सूप कमी मिळालं.

सुंदरराव स्वतःही मागे हटले नाहीत. एके सकाळी त्यांनी स्वहस्ते म्हशीची धार काढण्याचं ठरवलं. म्हशीला कायद्याची प्रत मिळालेली नव्हती. तिने आधी पाटलांकडे, मग चरवीकडे पाहिलं आणि दोन्ही एकाच लाथेत निकालात काढली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मड्डमसारखा साबण करायला घेतला. राख, करडईचं तेल आणि तीन दिवसांची मेहनत यातून जो पदार्थ निघाला त्याने मळ जात नसे, पण दाराला टेकू म्हणून तो पुढे कैक वर्षं टिकला. त्यानंतर पाटलांनी देखरेखीचं काम अंगावर घेतलं.

आषाढात एक लहानसा घात झाला. मांजराने दह्याचं गाडगं चाटून लख्ख केलं.

दह्याची एक खोड आहे. ते दुधापासून होतं हे अर्धंच खरं. ते दह्यापासून होतं. आदल्या दिवसाचं चमचाभर विरजण असलं तरच आजचं दूध लागतं. गाडगं रिकामं झालं की बाई वाटी घेऊन शेजारी जाते, इतकी ही साधी गोष्ट. पण कलम दुसरे आडवं होतं. बायनाबाईंनी दुधात चिंच टाकून बघितली, लिंबू पिळून बघितलं. दूध फाटलं, लागलं नाही. दोन दिवस ताटात ताक नव्हतं.

“आपल्या पायावर हुबं ऱ्हायचं म्हंजी ताक सोडायचं का?” सुंदररावांनी विचारलं.

“कायद्यात बघा की, काय लिवलंय,” बायनाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी ताटात दही आलं. घट्ट, गोड, सुरीने कापावं असं. ते कुठून आलं हे सुंदररावांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित उत्तर मिळालं असतं. उलट तलवाड्याच्या बाजारात, पारावर बसून, त्यांनी चार माणसांत जाहीर केलं की घरधन्याचा इरादा पक्का असला म्हणजे दूध आपसूक लागतं. चौघांपैकी तिघांनी माना हलवल्या. चौथ्याने घरी जाऊन इराद्याने दही लावलं, आणि त्याच्या घरचं भांडण दिवाळीपर्यंत चाललं.

पहाटे मात्र जात्यावर एक नवी ओवी ऐकू येऊ लागली:

काटेरी गं कुंपनाला, वाट बोटभर एवढी
शेजीच्या मायेपुढं, माझी वाटी गं केवढी

सुंदरराव अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत. त्यांना तो परमार्थ वाटला.

साल भरलं. तहसीलदार दस्तगीरसाहेब पेशकाराला, म्हणजे आपल्या कारकुनाला, घेऊन मौक्यावर आले. नमुना म्हणून योहानसाहेब आणि मार्था मड्डम यांनाही बोलावणं गेलं होतं. (तीन सालांत पाटलांच्या ओसरीवर ती दोघं पहिल्यांदाच येत होती. पाटील तर त्यांच्याकडे एकदाही गेलेले नव्हते; आदर ढळू नये म्हणून.) शेजारच्या छबुबाई, वय मोजण्याच्या पलीकडचं, बोलावणं नसताना आल्या आणि खांबाला टेकून बसल्या.

जेवण झालं. भाकरी घरची, पिठलं घरचं, ठेचा घरचा. शेवटी दही आलं. दस्तगीरसाहेबांनी एक वाटी संपवली, दुसरी मागितली, मिशा पुसल्या.

“कमाल आहे, पाटील. असं दही हैदराबादेत नाही. कुर्सी तुमची झाली समजा. आता फक्त हलफ, शपथ म्हणा. घरात सालभर बाहेरचं काही आलं नाही, इतकं तुम्ही बोला, आणि घरातून बाईंनी हो म्हणावं. की दस्तखत करतो.”

सुंदररावांनी छातीवर हात ठेवला आणि एका दमात हलफ उरकली. मिठाशी थोडे अडखळले, पण मीठ चव होती. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. कुर्सी आता एका शब्दावर आली होती, आणि तो शब्द दाराआड होता.

दाराआड बांगड्या वाजल्या. शब्द आला नाही.

“अगं, हो म्हन की!” सुंदरराव हसत म्हणाले. “साहेब खोळंबलेत.”

“सालभर गप बसले म्या,” आतून आवाज आला. “कुनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. पर आता सपत घालून इचारतेत, तर खोटं कावून बोलू? इरजण मड्डमचं हाय, साहेब. आषाढापासून रोज.”

सुंदररावांचा छातीवरचा हात खाली आला.

“रोज?” सुंदरराव म्हणाले.

“रोज. मांजर तर एकदाच आलतं, पर आमाला बोलायची सवं लागली. म्या तिला पीठ देती, ती मला साबन देती. तुमी धोतराला हात लावून ‘आपल्या घरचं पांढरं’ म्हनता न्हवं? ते बी तिचंच.”

तहसीलदारांनी दस्तखताची लेखणी खाली ठेवली आणि ते मड्डमकडे वळले. आता सरकारी कामाला रंग चढला होता. “हे दही मग तुमच्या अमेरिकेचं?”

मार्था मड्डमला मराठी बायनाबाईंनीच शिकवली होती, कुंपणातून. “अमेरिकेचं कशाचं, बाबा!” मड्डम म्हणाली. “आमी आलो तवा हिनंच दिलतं की वाटीभर. तिचंच तिला फिरून गेलं. त्याला काय झालं?”

“म्हणजे पाटलीणबाईंचं. आणि बाई, तुम्हाला कोणी दिलं?”

“सासूबाईनं.”

“त्यांना?”

“म्या दिलतं,” खांबापासून छबुबाई म्हणाल्या. “लई आंबट झालतं तिचं. आन मला दिलतं चौसाळ्यावरनं, आप्पारावाच्या आजीनं. तिला कुनी दिलं ते तिला इचारायला मलाच वर जावं लागंल.”

पेशकार सगळं उतरून घेत होता. आप्पारावांचं नाव येताच त्याने मान वर केली, कारण ती कुर्सी देऊन झालेली होती. मग त्याने साहेबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. पेशकार सभ्य होता, पण कानाने अधू असल्याने त्याचं कुजबुजणं ओसरीभर गेलं: बेगमसाहेबांनी परवाच आमच्या घरून विरजण नेलं, हुजूर.

दस्तगीरसाहेबांनी चौकशी तिथेच तहकूब केली.

सुंदरराव आता योहानसाहेबांकडे वळले. बुडत्या माणसाने देवळाच्या कळसाकडे बघावं तसे. “साहेब, तुमी तरी सांगा. तुमचं तर कुनावाचून अडत न्हाई न्हवं?”

“असं कवा म्हनलो आमी?” योहानसाहेबांना खरंच नवल वाटलं. “आमच्यात एकाचं छप्पर उडालं तर सारी वस्ती येती. एक दिसात छप्पर हुबं. कुनी मोजत न्हाई. हितं आमची वस्ती न्हाई, म्हनून घर बांधताना लई वाट बघितली म्या. तुमी वरून बघत व्हता, पाटील. मला वाटलं, आता उतरतेल.”

सुंदररावांनी समोरची वाटी जवळ ओढली. त्यांनी वाटीतलं उरलेलं दही खाल्लं. चवीत काहीच फरक पडला नव्हता, याचंच त्यांना वाईट वाटलं.

तहसीलदारांनी निकाल दिला तो असा. दरखास्तदाराचे दही परक्याचे शाबीत झाले, सबब कुर्सी नामंजूर. परक्याचे दही दरखास्तदाराचे शाबीत झाले, सबब खोट्या हलफेचा दंड माफ. कुर्सी तालुक्याच्या कचेरीत जमा ठेवावी, आणि ज्याचे खरोखरच कोणावाचून अडत नाही असा इसम मिळताच त्यास द्यावी.

सुंदररावांनंतर पुष्कळ दरखास्ती आल्या. काही माणसं स्वतःच्या हिमतीवर वर आलेली होती, काही शून्यातून उभी राहिलेली, आणि बरीचशी कोणापुढेही हात न पसरलेली. सगळ्यांच्या हलफा एका दमात झाल्या. कुर्सी मात्र तशीच आहे. वेत अजून ताठ आहे, आणि धूळ आठवड्यातून एकदा पुसली जाते.

वाचणाऱ्यांपैकी कोणी लायक असेल तर त्याने खुशाल दरखास्त करावी. मुदत नाही. फक्त सोबत घरातल्या बाईचा जबाब जोडावा लागतो, आणि तो घेताना आपण खोलीत नसावं.