केरबातात्यांची दावण

आजवर हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मी गणिताचा शिक्षक, पन्नाशीकडे झुकलेला, आणि रविवारी दुपारी व्हिडिओ गेमवर मासे पकडतो. उजनी धरणाचं खरं पाणी इंदापूरपासून हाकेवर आहे, त्यात मी कधी पाऊल बुडवलं नाही. पण केरबातात्यांच्या दुकानात अर्धं शटर पाडून तास तास गळ टाकून बसतो.

दुकान एसटी स्टँडच्या मागं. दोन रंगीत टीव्ही, समोर बाकडी. पोरं तासावर खेळतात. तात्या मूळचे निरवांगीचे, घराणं बैलांच्या व्यापारातलं. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तात्यांनी गेमच्या कॅसेटी धरल्या. नजर मात्र बाजारातलीच राहिली. कुणी जुनी कॅसेट विकायला आणली की ते आधी तिचे दात बघतात. दात म्हणजे खालच्या पितळी पट्ट्या. मग पाठीवरून हात फिरवतात, मशीनमध्ये घालून जरा चालवून बघतात आणि निकाल देतात, "अंगानं बरी हाय. मारकी न्हाय. पर कामाची न्हाय."

"मग परत द्या की."

"वा गुरुजी! असली दुसरी हाय का कुठं? राहू दे दावणीला."

दावण म्हणजे भिंतीवरची वरची फळी. पोरांना हव्या फक्त मारामारीच्या कॅसेटी, त्या खाली. वर ही बिनकामाची जनावरं. एकीत एक पेंग्विन बर्फाच्या विटा रचत असतो, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं. एकीत सगळं जपानी, जिंकलो की हरलो तेच कळत नाही. एकीत दोन होड्यांची शर्यत. आणि एक माझी, माशांची. बारामती पालथी घातली तरी असल्या मिळायच्या नाहीत, आणि विकायला काढल्या तर चहाचा खर्च निघायचा नाही.

मी खेळत असताना तात्या तोंडावर टॉवेल टाकून बाकड्यावर झोपतात. म्हणजे तसं दाखवतात. मोठा मासा गळातून सुटला की टॉवेलाखालून "च्च" असा आवाज येतो.

आता खरं सांगायचं ते. शाळेच्या पालकसभेत हेडमास्तरांनी मला बोलायला उभं केलं, आणि मी व्हिडिओ गेमविरुद्ध असा काही बोललो की टाळ्या पडल्या. नाव घेतलं नाही, "स्टँडमागचं ते दुकान" एवढंच म्हणालो. स्टँडमागं असलं दुसरं दुकान नाही. पुढच्या आठवड्यात तात्यांची निम्मी पोरं गायब.

रविवारी मी मान खाली घालून गेलो. तात्यांनी शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "या गुरुजी. आज पाणी निवळ हाय."

बास. एवढंच.

गेल्या रविवारी पुण्याचा एक व्यापारी आला. त्याच्याकडे मारामारीची नवी कोरी कॅसेट होती. ती लावली असती तर गेलेली पोरं पळत आली असती. त्याची बोली अशी, की फळीवरच्या सगळ्या द्या आणि ही घ्या. तात्यांनी सवयीनं उपरणं हातावर टाकलं आणि त्याच्यापुढं धरलं. बैलबाजारात सौदा उपरण्याखाली बोटांनीच ठरतो. व्यापारी घाबरून म्हणाला, "काका, हाताला काही लागलंय का?"

मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. त्यानं माशांची कॅसेट उचलली आणि हसला. "ही कोण खेळतं हो?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"हाय एक गिऱ्हाईक. लाजाळू हाय. तुमी चा घ्या."

"बरं, ती ठेवा. बाकीच्या द्या."

तात्यांनी होड्यांचीही काढून बाजूला ठेवली. "ही बी न्हाय."

"हिला कोण गिऱ्हाईक?"

"अजून न्हाय."

"मग जमायचं नाही, काका." व्यापारी कोरी कॅसेट पिशवीत घालून निघून गेला. मीच पोरं घालवली होती, आणि ती परत आणायची संधीही माझ्या डोळ्यांदेखत स्टँडकडं चालली होती.

"तात्या, होड्यांची तरी द्यायची होती," मी म्हणालो. "ती लावलेली मी कधी बघितली नाही."

"मी तरी कुठं बघितलीय? दोघं बसल्याबिगर ती सुरूच होत न्हाय. पोरं आपापल्या दोस्तांसंगं येत्यात. आता ह्या वयात मी कुणाला म्हणू, बस रं माझ्याबरूबर?" त्यांनी उपरण्यानं कॅसेट पुसली, तिचे दात एकदा बघितले आणि फळीवर ठेवली. "येईल कोणतरी. राहू दे दावणीला."

मग टॉवेल तोंडावर घेतला.

उद्या रविवार. स्टँडवर निम्मं गाव असतं, माझे विद्यार्थी असतात, त्यांचे बापही असतात. केरबातात्यांना मी होड्यांचा एक डाव देणं लागतो, आणि तो शटर पूर्ण वर करून.