आप्पांचा खर्ज

दोन्ही स्पीकर एकदाचे जोडून झाले आणि चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चिरंजीवांनी वडिलांना खोलीच्या मधोमध आरामखुर्चीत बसवलं. आप्पांची उमेदीची वर्षं रेडिओवर बातम्या वाचण्यात गेली होती. आवाज असा, की त्यांनी 'आकाश निरभ्र राहील' म्हटलं तरी ऐकणाऱ्याने खिडक्या लावून घ्याव्यात. अलीकडे मात्र घरात "आप्पा, जरा मोठ्याने बोला" सुरू झालं होतं आणि आप्पांनी बोलणंच सोडलं होतं. म्हणून तर मुलाने खटपट करून त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं मिळवली होती.

बटण दाबलं. आप्पांनी कान टवकारले आणि हळूहळू त्यांचा चेहरा पडला.

"हा कोण?"

"तुम्हीच, आप्पा!"

"मी? हे बोकड नाकात बोलतंय, ते मी?"

मुलाने खर्ज वाढवायचं, 'बास' लिहिलेलं बटण पिळलं. मग आणखी पिळलं. खुर्चीपाशी बोकड ते बोकडच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, आता बास करा!"

"इथे बासच येत नाहीये, तर काय बास करू?"

"इकडे या म्हणजे कळेल! फडताळातल्या बश्या नाचतायत!"

तो गेला. तिथल्या कोपऱ्यात आप्पांचा आवाज विहिरीत वाघ उतरल्यासारखा घुमत होता. धावत खुर्चीपाशी आला, तर पुन्हा बोकड. पुन्हा कोपरा, वाघ!

"आप्पा, तुम्ही जरा आत येऊन ऐका ना!"

"नको. समजूत काढू नकोस माझी," आप्पा खालमानेने म्हणाले. "लोक तोंडदेखलं कौतुक करायचे, एवढं कळलं आज."

हे मात्र मुलाच्या जिव्हारी लागलं. त्याने बटण होतं नव्हतं तेवढं फिरवलं. भिंतीवरची तसबीर धाडकन खाली आली आणि पाठोपाठ दारावरची घंटा वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई. या बाई वर नुसती खुर्ची सरकली तरी निरोप पाठवायच्या.

"चुकलं, बाई. आत्ता बंद करतो," मुलगा हात जोडून म्हणाला.

"बंद नका करू! कोण आहेत ते गृहस्थ? काय खर्ज आहे हो! माझ्या खोलीत तर तंबोऱ्याच्या ताराही झंकारायला लागल्या."

मुलाने खुर्चीकडे बोट दाखवलं. आप्पा उठले, केसांवरून हात फिरवला आणि कित्येक दिवसांत न निघालेल्या आवाजात म्हणाले, "तंबोरा? बघायलाच हवा."

दोघं खाली गेली. इकडे नवरा-बायकोने आरामखुर्ची ढकलत ढकलत मागच्या भिंतीला नेली. मुलगा बसला मात्र, आप्पांचा सगळा खर्ज छातीत उतरला! आवाज जागच्या जागी होता, खोलीची मधली जागाच दगा देत होती; तिथे खर्ज विरून जात होता. तो आनंदाने खिडकीतून ओरडला, "आप्पा, वर या! वाघ सापडला!"

खालून साक्षात वाघच गरजला, "आधी बंद कर त्याला! आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाहीये!"