सासऱ्यांच्या गाडीचं आभाळ

रंगकामातलं मला कुणी काही शिकवू नये! आमच्या गॅलरीची जाळी मीच रंगवली आहे, आणि ती जाळी आहे हे अजूनही ओळखू येतं.

त्यामुळे सासऱ्यांनी त्यांच्या रिमोटच्या गाडीची बॉडी माझ्यासमोर ठेवली, तेव्हा सोबतचा सूचनांचा कागद मी न उघडताच बाजूला सारला. बॉडी म्हणजे काचेसारखं आरपार दिसणारं प्लास्टिकचं टरफल. तिला रंग आतून मारायचा, एवढं मला ठाऊक होतं. बास की!

सासरे बसचालक होते. पहाटेची पहिली बस कायम त्यांची. निवृत्त झाल्यावर ते इतके गप्प झाले, की बायकोने शेवटी ही खेळण्यातली गाडी आणून दिली. आता रविवारी त्यांची पहिली शर्यत होती!

"रंग कुठला देऊ, बाबा?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पहाटेचं आभाळ जमेल, जावईबापू? शहर मागे पडलं की समोरच्या काचेत दिसायचं. गडद निळं, खाली जरासं गुलाबी, आणि विझायच्या राहिलेल्या चार चांदण्या."

"त्यात काय!"

दुपारी गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला, बॉडी मांडीवर उताणी घेतली. आधी सगळीकडे निळा फवारा. फुस्स! त्यावर गुलाबी. मग कापसासारखे ढग. एक चांदणी काढली की वाटायचं, ही बिचारी एकटी कशी राहील? म्हणून शेजारी दुसरी. चादरी हलत होत्या, मी वर वर तरंगत होतो. बायकोने चहाला हाक मारली. ऐकू आली, पण फार खालून!

रंग वाळला. मी ऐटीत बॉडी उलटली.

निळी! नुसती निळी! शाईत बुचकळलेल्या वांग्यासारखी!

"अरे, आतून रंगवताना पहिला रंग वर दिसतो," बायको कागद वाचत म्हणाली. "आधी चांदण्या, मग आभाळ. आणि खिडक्या कुठायत? ड्रायव्हरने बघायचं कुठून?"

पण हार मानेन तर मी कसला! बाहेरून रंगवायला कुणाच्या बापाची भीती होती? अख्खी पहाट पुन्हा बाहेरून काढली. सासऱ्यांनी तिच्यावरून हलकेच हात फिरवला. जेवताना दोनदा वाढून घेतलं.

रविवारी मैदानावर पंचांनी सासऱ्यांच्या हातातली बॉडी निरखली. "काका, वरची संरक्षक फिल्म काढायची राहिली की!" असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातून नखाने ओढलं. दुधावरची साय निघावी तसं अख्खं आभाळ निघालं! पंचांच्या हातात पहाट, सासऱ्यांच्या हातात वांगं.

"असू दे," सासरे म्हणाले. त्या "असू दे"ने मी इतका खचलो, की बॉडी गाडीवर बसवताना ती अडकवायच्या पिना माझ्या खिशातच राहिल्या.

शिट्टी वाजली. पहिल्याच वळणावर बॉडी उडाली, हवेत गिरकी घेऊन गवतावर उताणी पडली. आणि आत, उन्हात, गुलाबी कडेची पहाट! ढग! सगळ्या चांदण्या!

सासऱ्यांचा अंगठा रिमोटवरून सुटला. उघडी गाडी मधोमध थांबली, बाकीच्या सूं सूं करत निघून गेल्या.

"काका, गाडी चालवा!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा हो जरा," सासरे म्हणाले, "स्टॉप आलाय." आणि लहान मुलासारखे खळखळून हसले. बायको तोंड फिरवून डोळे पुसत होती.

अर्थातच शेवटचा नंबर आला. बॉडी आता त्यांच्या उशाशी उताणीच असते. तिच्यात हात घालून ते मला रस्ते दाखवतात, कुठल्या वळणावर धुकं असायचं ते सांगतात. तासन्‌तास! गप्प बसायचं नाव नाही.

पुढच्या शर्यतीसाठी त्यांनी नवीन बॉडी आणली आहे. रंगवायला बायकोला दिली.

मला खिडक्या झाकायची चिकटपट्टी फाडून द्यायचं काम मिळालंय. तेही कागद वाचून!