उद्धवच्या लग्नाची फाइल

लग्नाच्या व्हिडिओतली माणसं आमंत्रणाशिवाय एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जात नाहीत. उद्धवच्या लग्नाची फाइल मुजावरभाईंच्या स्टुडिओतल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडली, तेव्हा मांडव आला, खुर्च्या आल्या, जिलब्यांची परात आली. खांबाशी झोपलेलं कुत्रं न बोलावता आलं. माणूस मात्र एकही आलं नाही.

निर्मलाताई बारंगुळे त्या रिकाम्या मांडवाकडे बघत राहिल्या. उद्धव त्यांचा धाकटा भाऊ, पण त्यांचा जीव अडकला होता नवऱ्यात. जगन्नाथरावांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो घरात पुष्कळ होते; पण फोटो काढायचा म्हटलं की जगन्नाथराव पोलीसभरतीला आल्यासारखे ताठ उभे राहत. त्यांचं खरं चालणं, उपरण्याला हात पुसणं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं हसणं आता जगात या एकाच फाइलीत उरलं होतं. आणि ती फाइल होती घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. तो हल्ली सुरू करताना दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा.

"आज आहे, उद्याचं सांगता येत नाही," मुजावरभाई म्हणाले. हे लग्न त्यांनीच शूट केलेलं, त्यामुळे त्यांना त्याची काळजी घरच्यासारखी. त्यांनी रीतसर सगळं करून पाहिलं. व्हिडिओ वाचणारा नवा कोडेक टाकला. त्यानं नवरा-नवरी आले, कारण त्यांना लग्नाला यावंच लागतं. फॉरमॅट बदलला, तेव्हा भटजी आले आणि मुहूर्त टळतोय म्हणून चिडले. एडिटिंगचं दुसरं सॉफ्टवेअर लावलं, त्यात बँडवाले आले. त्यांना सुपारी दिलेली होती. पाहुणे काही येईनात.

"ताई, फाइलीत दोष नाही," शेवटी मुजावरभाईंनी माउस बाजूला सारला. "आमंत्रणच गेलेलं नाही."

"दिलं होतं की हो तेव्हा! घरोघर हिंडून!"

"ते त्या मांडवाचं. हा मांडव नवा. न बोलावता तुम्ही तरी जाल का?"

निर्मलाताई मेल्या तरी गेल्या नसत्या. त्यांना मुद्दा पटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ठेवणीतली साडी नेसून स्वतःच्याच घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर कुंकू-अक्षता घेऊन बसल्या. शेजारी मुजावरभाई पेनड्राइव्ह लावून तयार. चेहरा दिसला की फाइल थांबवायची, पडद्यापुढे अक्षता ठेवायच्या आणि नाव घेऊन सांगायचं, "मुजावरभाईंच्या कॉम्प्युटरवर उद्धवचं लग्न आहे, सहकुटुंब यायचं."

"तिथं लाइट असते का गं?" पडद्यावरच्या गोदामावशींनी विचारलं.

"असते, मावशी. आता पूर्वीसारखी जात नाही."

"मग येते. पोरांनाही घेऊन येते बरोबर."

काशिनाथमामा मात्र फुगून बसले. "ह्या एवढ्याशा डबीतून न्यायचं होय आम्हाला? आमच्या काळी वऱ्हाडाला एसटी ठरवायचे."

"चौसष्ट जीबी आहे, मामा. पाय पसरून बसा," मुजावरभाई म्हणाले.

"खिडकीशी बसवणार असाल तर बघतो."

मामांना खिडकी कबूल करावी लागली. एकेक माणूस उठून, चपला शोधून निघू लागलं, तसं निर्मलाताईंना भरून आलं. यातली निम्मी माणसं आता नव्हती. हल्ली कुणी कुणाला हाताला धरून जेवायला बसवत नव्हतं, की नको नको म्हणताना पानात जिलबी टाकत नव्हतं. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या पोरी आता स्वतः सासवा झाल्या होत्या. किती चांगले दिवस होते ते, आणि किती मुकाट्यानं गेले.

स्टुडिओत फाइल उघडली तर मांडव गच्च भरलेला. मामा खिडकीवर खूश होते. निर्मलाताईंनी लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. जगन्नाथराव कुठेच नव्हते.

"साहेबांना आमंत्रण दिलं होतंत ना?" मुजावरभाईंनी विचारलं.

"घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का?" निर्मलाताई बोलून गेल्या आणि लगबगीनं उठल्या.

दोघं तसेच घरी परतले. जुना कॉम्प्युटर मोठ्या मिनतवारीनं सुरू झाला. मांडव ओस पडला होता. जगन्नाथराव बाह्या दुमडून खुर्चीवर खुर्ची चढवत होते. जवळच मोरपंखी शालूतली एक तरुण बाई खांद्याला पिशवी लावून उभी होती. ती आपणच, हे निर्मलाताईंना ओळखायला जरा वेळ लागला. स्वतःलाही आमंत्रण द्यायचं राहिलं होतं. नव्या मांडवात आपण दिसलो नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांनी पडद्यापुढे अक्षता ठेवल्या. नवऱ्याचं नाव असं तोंडावर कधी घेतलं नव्हतं, म्हणून उखाण्यात घेतलं:

"नव्या कॉम्प्युटरवर घातला मांडव दारी,
जगन्नाथराव, आता चला, खोळंबली मंडळी सारी."

मुजावरभाई अदबीनं भिंतीकडे बघत राहिले.

"अगं, मला कशाला आमंत्रण?" जगन्नाथराव मांडवभर हसले. "मांडववाल्याच्या खुर्च्या अशाच टाकून कसं चालेल? तू हो पुढं, मी आवरून येतो."

प्रत्येक लग्नात ते हेच म्हणायचे. निर्मलाताई पेंगुळलेली पोरं घेऊन रिक्षानं पुढे व्हायच्या आणि मागाहून ते यायचे. दवाखान्यातही ते हेच म्हणाले होते, तू घरी हो पुढं. त्या ऐकून पुढे झाल्या होत्या. त्याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं.

पडद्यावरची निर्मला पिशवी सावरत फाटकाकडे निघाली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला.

"थांब गं!" निर्मलाताई ओरडल्या. "पुढं जाऊ नकोस!"

ती वळली. "पण पोरं पेंगुळलीत हो."

"पोरं गोदामावशीबरोबर केव्हाच पोचली. तू थांब इथं. हात लाव त्यांना. आणि बरोबर घेऊनच ये."

तिनं क्षणभर विचार केला, पिशवी खाली ठेवली आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं. जगन्नाथराव तिच्याकडे बघतच राहिले. मग दोघांनी मिळून सतरंजी झटकली, घडी घातली, एकेक दिवा बंद केला. शेवटचा दिवा गेला तसा कॉम्प्युटरही गेला. तो पुन्हा सुरू झाला नाही.

मुजावरभाईंनी पेनड्राइव्ह हलक्या हातानं काढून खिशात ठेवला. दोघं तडक स्टुडिओत गेले.

फाइल उघडली तेव्हा शेवटची पंगत बसत होती. गोदामावशी दोन पाटांवर हात टाकून बसल्या होत्या. कुणालाही तिथे टेकू देत नव्हत्या. वाढपी भात घेऊन निघाला, आणि मांडवाच्या दारातून उपरण्याला हात पुसत जगन्नाथराव आत आले. त्यांच्याबरोबर ती होती.

"दाजी आले!" उद्धव ओरडला.

जगन्नाथराव पाटावर बसले. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि मान वर करून पडद्याबाहेर पाहिलं.

"फार उशीर झाला का?"

"नाही," निर्मलाताई म्हणाल्या. "पंगत आत्ताच बसली."